निरपराध आततायी

गर्भपात नैतिक की अनैतिक, हा वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतो : गर्भ ही व्यक्ती आहे की नाही? व्यक्ती असेल तर गर्भपात म्हणजे हत्या, नसेल तर तो एक उपचार. ही वाटणी दोन्ही बाजूंना सोयीची आहे, पण अपुरी आहे. व्यक्तीला मारणे हा प्रत्येक वेळी गुन्हा ठरत नाही. अंगावर चालून आलेल्याला ठार करण्याची मुभा बहुतेक सगळ्या कायद्यांनी आणि धर्मशास्त्रांनी कमीअधिक प्रमाणात दिली आहे. म्हणून दुसरा प्रश्न उभा राहतो. गर्भ ही व्यक्तीच आहे असे मानले, तरी त्याच्यामुळे जिवावर बेतलेल्या स्त्रीला स्वसंरक्षणाचा हक्क उरतो का, आणि उरत असेल तर कुठपर्यंत?

मराठी वाचकाला हे दोन्ही विषय शेजारी शेजारी मांडलेले ‘गीतारहस्या’त सापडतात. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात टिळक अहिंसेचे अपवाद तपासतात. गुरू असो, बालक असो, वृद्ध असो की बहुश्रुत ब्राह्मण असो, आततायी होऊन चालून आला तर त्याला मारावे, हा मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातला श्लोक ते घेतात. त्याच ओघात ते विचारतात, की भ्रूणहत्या अत्यंत निंद्य खरी, पण मूल आडवे आले तर ते कापून आईला सोडवायचे की नाही? दोन उदाहरणे टिळकांनी एकामागोमाग दिली, पण त्यांच्यातले नाते उलगडले नाही. आडवा आलेला गर्भ हा आततायी आहे का? पुढचा संवाद या प्रश्नावर आहे. जुन्या वादपद्धतीला धरून गर्भाची बाजू मांडणाऱ्याला पूर्वपक्षी आणि स्त्रीची बाजू मांडणाऱ्याला उत्तरपक्षी म्हटले आहे. त्या पद्धतीत शेवटचा शब्द उत्तरपक्षाचा असतो. इथे तशी हमी नाही.

पूर्वपक्षी : आधी व्यक्तीचा प्रश्न मिटवू. बीज फलित झाले की नवा मानवी जीव सुरू होतो. तिथपासून म्हातारपणापर्यंत एकच सलग वाढ आहे. मध्ये कुठेही रेघ मारा, ती मारणाऱ्याच्या सोयीची असते. अमेरिकन तत्त्वज्ञ डॉन मार्क्विस यांनी १९८९ साली ‘व्यक्ती’ ही कल्पनाच बाजूला ठेवून युक्तिवाद केला. माणसाला मारणे वाईट का? त्याचे पुढचे सगळे आयुष्य हिरावले जाते म्हणून. गर्भाचेही तेच हिरावले जाते.

उत्तरपक्षी : वाढ सलग आहे म्हणून तिची दोन टोके एकसारखी होत नाहीत. पहिल्या साधारण १४ दिवसांत एका गर्भाचे दोन जुळे होऊ शकतात. तेव्हा तिथे कोणाचे आयुष्य हिरावले जात होते, एकाचे की दोघांचे? मेरी ॲन वॉरन यांनी १९७३ साली व्यक्तीच्या कसोट्या मांडल्या : जाणीव, विचारशक्ती, स्वतःहून केलेली कृती, संवाद, स्वत्वाचे भान. सुरुवातीच्या गर्भात यातले काहीच नसते.

पूर्वपक्षी : त्या कसोट्यांवर महिन्याचे तान्हे मूलही उतरत नाही. त्यालाही मारायचे का?

हा वार वर्मी लागतो. मायकेल टूली या तत्त्वज्ञाने १९७२ साली ही अडचण अडचण न मानता नवजात बालकालाही जगण्याचा पूर्ण हक्क नसतो असे सांगून टाकले. त्याच्यामागे जाणारे थोडे. वॉरन यांना नंतर आपल्या निबंधाला बालहत्येसंबंधी वेगळा खुलासा जोडावा लागला. दुसऱ्या बाजूला, फलित बीज आणि पाच वर्षांचे मूल यांचे मोल अगदी एक आहे, असे तोंडाने म्हणणाराही तसे वागत नाही. आपोआप होणारे असंख्य गर्भपात कोणताच समाज अपघाती मृत्यूंसारखे मोजत नाही.

कायद्याने या वादात मधली वाट काढली, आणि ती तत्त्वापेक्षा व्यवहाराची आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम २९९च्या तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध नव्हे. मात्र मुलाचा कोणताही भाग बाहेर आलेला असेल, तर त्याने श्वास घेतलेला नसला तरी तो सदोष मनुष्यवध ठरू शकतो. गर्भपात घडवणे हा वेगळा गुन्हा. त्याला कलम ३१२ खाली ३ वर्षांपर्यंत आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर ७ वर्षांपर्यंत शिक्षा. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केला तर गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा आराखडा कायम आहे. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २० गर्भातल्या मुलाला वारसा देते, पण ते जिवंत जन्मले तरच. म्हणजे गर्भ कायद्याच्या लेखी शून्य नाही आणि पूर्ण माणूसही नाही. पण व्यक्तीचा प्रश्न असा अर्धवट सुटला तरी स्वसंरक्षणाचा प्रश्न संपत नाही.

उत्तरपक्षी : गर्भ पूर्ण माणूस आहे, हे तुमचे म्हणणे क्षणभर मान्य. आता दंड संहितेचे कलम १०० पाहा. नव्या संहितेत ते ३८वे आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती निर्माण करणारा हल्ला झाला, तर हल्लेखोराला ठार करण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क जातो. बलात्काराच्या, अपहरणाच्या हेतूने केलेल्या हल्ल्यालाही तो लागू आहे. जबर दुखापत म्हणजे काय? जुन्या व्याख्येतला एक प्रकार असा : जिच्यामुळे माणूस २० दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा नेहमीची कामे करू शकत नाही. नव्या संहितेने ते दिवस १५ केले. कोणत्या बाळंतपणात, विशेषतः पोट फाडून केलेल्या बाळंतपणात, ही अट पुरी होत नाही? रस्त्यावरच्या माणसाने एवढी इजा करायला हात उचलला तर त्याला मारता येते. गर्भाच्या बाबतीत मात्र बाईने सोसायचे?

पूर्वपक्षी : तुम्ही दुखापतीची व्याख्या वाचली आणि ‘हल्ला’ विसरलात. हल्ला करायला कोणीतरी हल्लेखोर लागतो. गर्भ काही करत नाही. तो वाढतो. त्याला तिथे त्याने स्वतः आणलेले नाही. रोमच्या चर्चने नेमका हा युक्तिवाद फेटाळला आहे. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी विचारले होते, की निष्पाप बालकाला अन्यायी आक्रमक कोण म्हणेल?

उत्तरपक्षी : निष्पाप असणे आणि धोकादायक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनूने आततायींच्या यादीत बालक घातले आहे. मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या दंड संहितेतही कलम ९८ होते. वेड्याने, नशेतल्या माणसाने, अजाण मुलाने हल्ला केला तर त्यांचा गुन्हा होत नाही. तरी त्यांच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क पूर्ण शाबूत राहतो. बचाव करणाऱ्याला समोरच्याचे पाप मोजावे लागत नाही.

पूर्वपक्षी : कलम ९८ मधला वेडा कोयता उगारतो. त्याच्या मनात काही नसेल, पण कृती त्याची आहे. गर्भाच्या बाबतीत कृतीच नाही.

इथे दोघेही तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या पेचापाशी पोचतात. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली तो असा मांडला : एका माणसाला कोणीतरी उचलून खोल विहिरीत फेकले आहे. तळाशी तुम्ही उभे आहात. तो अंगावर पडला तर तुम्ही मराल, तो मात्र वाचेल. तुमच्याजवळ त्याला वाटेतच भस्म करणारी बंदूक आहे. ती वापरावी का? पडणाऱ्याने काही केलेले नाही, त्याला फेकले गेले आहे; धोका मात्र तोच आहे. ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९९१ साली लिहिले की वापरता येईल, कारण मारले न जाण्याचा तुमचा हक्क तो मोडत आहे, मग त्याचा दोष असो वा नसो. मायकेल ओत्सुका यांनी १९९४ साली याला विरोध केला. त्यांच्या मते दोष नसलेल्या धोक्याला मारणे आणि स्वतःला वाचवण्यासाठी वाटेतल्या तिऱ्हाइताला मारणे यांत नैतिक फरक नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. गर्भपाताच्या चर्चेत स्वसंरक्षणाचे नाव घेणाऱ्याने आपण कोणत्या बाजूला आहोत हे आधी सांगायला हवे, आणि बहुतेक जण ते सांगत नाहीत.

ज्यू धर्मशास्त्राला या पेचाची जाणीव फार पूर्वी झाली होती. मिश्ना या प्राचीन संहितेत आज्ञा आहे : बाळंतपण अडले आणि आईचा जीव धोक्यात आला, तर गर्भ आत कापून अवयवा-अवयवाने बाहेर काढावा, कारण तिचा जीव आधी. मात्र त्याचा बराचसा भाग बाहेर आला असेल तर त्याला हात लावू नये. एका जिवासाठी दुसरा जीव घेता येत नाही. बाराव्या शतकात मायमोनिदीस यांनी याचे कारण देताना म्हटले की आतला गर्भ हा आईच्या जिवावर उठलेल्या पाठलागकर्त्यासारखा आहे. हे कारण टिकत नाही, आणि पुढच्या भाष्यकारांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली. आत असताना जो पाठलाग करतो, तो डोके बाहेर आल्यावरही करतच असतो; धोका तसूभर कमी होत नाही. मग नियम का बदलतो? सरळ उत्तर असे, की मिश्नाच्या निकालाचा खरा आधार स्वसंरक्षण नाही. न जन्मलेल्याचे मोल जन्मलेल्यापेक्षा कमी धरले आहे, एवढाच तो आधार. भारतीय कलम २९९ मधली ‘कोणताही भाग बाहेर आला तर’ ही रेघही त्याच जातीची आहे.

उत्तरपक्षी : मग जन्मलेल्यांचेच उदाहरण घेऊ. २००० साली मँचेस्टरमध्ये शरीरे जोडलेल्या जुळ्या मुली जन्मल्या. एकीचे हृदय आणि फुप्फुसे दोघींना जगवत होती. वेगळे न केल्यास काही महिन्यांत दोघी गेल्या असत्या. वेगळे केल्यास दुबळी त्याच क्षणी मरणार होती. आईबाप माल्टा देशातले श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी नकार दिला. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने शस्त्रक्रियेला परवानगी दिली. न्यायमूर्ती वॉर्ड यांनी शाळेच्या मैदानात बेछूट गोळ्या झाडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाचा दाखला दिला. त्याला दोष देता येत नाही, पण थांबवावे लागतेच. दुबळी बहीण काहीच करत नव्हती. ती फक्त जोडलेली होती. गर्भाचेही तसेच.

पूर्वपक्षी : त्याच खटल्यात न्यायमूर्ती ब्रुक यांनी स्वसंरक्षणापेक्षा अपरिहार्यतेचा आधार घेतला, हे का सांगत नाही? आणि तिथे एकीचा मृत्यू कोणत्याही वाटेने अटळ होता. गर्भाशयाबाहेर, बीजवाहिनीत रुजलेल्या गर्भाची गोष्ट अशीच आहे. तो वाढू दिला तर बीजवाहिनी फुटते आणि दोघेही जाऊ शकतात. तिथे माझा विरोध नाही. दोघे जाण्यापेक्षा एक वाचावा. पण अशा मोजक्या प्रसंगांवरून तुम्ही सगळ्या गर्भपातांना छत्र धरता.

हा आक्षेप वजनदार आहे. स्वसंरक्षणाला तीन अटी असतात : धोका खरा आणि जवळचा हवा, दुसरी वाट नसावी, आणि प्रतिकार धोक्याच्या प्रमाणात असावा. कलम ९९ (नवे ३७) तिसरी अट स्पष्ट शब्दांत घालते. नोंदणी महानिबंधकांच्या नमुना पाहणीनुसार २०१८-२० या काळात भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. यातला प्रत्येक मृत्यू टाळण्याजोगा म्हणून लाजिरवाणा आहे. पण हजारात एकाहून कमी शक्यता हा ‘जवळचा धोका’ म्हणून कोणतेही फौजदारी न्यायालय मान्य करणार नाही. उत्तरपक्षाने मांडलेला जबर दुखापतीचा मुद्दा अधिक भक्कम आहे, कारण ती शक्यता नव्हे, जवळपास खात्री आहे. मात्र त्यालाही हल्ल्याची अट आडवी येते.

याच्या उलट टोकालाही एक धडा आहे, आणि तो पूर्वपक्षाला झोंबणारा आहे. आयर्लंडने १९८३ साली राज्यघटनेत आठवी दुरुस्ती करून आई आणि गर्भ यांना जगण्याचा समान हक्क दिला. म्हणजे स्त्रीकडे फक्त स्वसंरक्षण उरले, आणि तेही जीव जाण्याची वेळ आल्यावर. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात, माहेर बेळगावचे असलेल्या एका तरुण दंतवैद्य स्त्रीचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळून चुकले होते. तिने गर्भपाताची मागणी केली. गर्भाचे ठोके चालू होते आणि तिच्या जिवाला धोका आहे असे अजून कोणाला खात्रीने म्हणता येत नव्हते, म्हणून ती नाकारली गेली. रक्तात जंतुसंसर्ग पसरून ती मरण पावली. धोका निश्चित होईपर्यंत थांबणे हा रस्त्यावरच्या मारामारीत शहाणपणाचा नियम असेल. शरीरात मात्र धोका निश्चित होतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती दुरुस्ती काढून टाकली.

पूर्वपक्षी : धोक्याची बाब वैद्यकीय असेल तिथे डॉक्टरांना मोकळीक द्या. पण आपल्याकडच्या बहुतेक गर्भपातांत धोका गर्भाकडून येतच नाही. नोकरी, गरिबी, लग्न न झालेले असणे, घरच्यांचा धाक. धमकी देणारा बाहेर आहे आणि मारला जातो आतला. याला स्वसंरक्षण कसे म्हणता? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता येईल, मूल तिथेच ठेवता येईल, अशी सोय केली. तिथेच जन्मलेल्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले, तोच यशवंत. त्यांनी धोका दूर केला, मूल नव्हे.

उत्तरपक्षी : फुल्यांचे उदाहरण माझ्या बाजूचेही आहे. त्या गृहाची गरज पडली, कारण विधवेला मूल होणे म्हणजे तिचे सामाजिक मरण होते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांवर झोड उठली, तेव्हा ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारले की तिला त्या वाटेला कोणी नेले? धमकी बाहेरची होती, हे खरे. पण ज्याच्या हाती धमकी मागे घेणे होते त्या समाजाने ती मागे घेतली नाही. कोंडीत सापडलेल्याला सुटकेची एकच वाट ठेवायची आणि तीच वापरली म्हणून त्याला दोषी धरायचे, यात न्याय कोणता?

पूर्वपक्षी : दोष कमी धरा. शिक्षा करू नका. मीही ते म्हणेन. पण क्षमेला पात्र असणे आणि योग्य असणे वेगळे.

या वादात पूर्वपक्षाची तर्कशुद्धता मान्य करावी लागते. बाहेरच्या धमकीपायी आतल्या जिवाला मारणे हे स्वसंरक्षणाच्या व्याख्येत बसत नाही. ज्याच्याकडून धोका आहे त्याच्यावरच प्रतिकार व्हायला हवा. तरी भारतीय कायद्याने नेमकी हीच बाहेरची परिस्थिती आत घेतली, आणि तीही डोळे उघडे ठेवून. १९६४ साली केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. स्त्रीच्या जिवाला धोका किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर इजा, या कारणांवर त्याने गर्भपाताला परवानगी दिली. ही इजा ठरवताना तिच्या भोवतालची, आजची आणि पुढे संभवणारी परिस्थिती विचारात घेता येईल, असेही त्यात लिहिले आहे. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा मानसिक त्रास तर कायदा गृहीतच धरतो. इंग्लंडमध्ये १९३८ साली बलात्कारित १४ वर्षांच्या मुलीचा गर्भपात करून स्वतःहून खटला ओढवून घेणाऱ्या डॉ. ॲलेक बोर्न यांना ज्युरीने निर्दोष सोडले होते. जीव वाचवणे म्हणजे केवळ मरणातून वाचवणे नव्हे, ही दृष्टी त्या खटल्यातून पुढे आली.

उत्तरपक्षी : पण या कायद्यात एक विसंगती आहे. चालून आलेल्या माणसाविरुद्ध हात उचलण्याआधी कोणाची परवानगी लागत नाही. धोका आहे की नाही हे ज्याच्यावर बेतले तोच ठरवतो. इथे मात्र १९७१ साली १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि पुढे २० आठवड्यांपर्यंत दोघांचे मत लागत होते. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एकाचे आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांना २४ पर्यंत दोघांचे. स्त्री मागणी करू शकते, निर्णय डॉक्टरचा. हक्क म्हणावा तर तो कोणाचा?

पूर्वपक्षी : त्यावरून एकच दिसते, की कायद्याने हा स्वसंरक्षणाचा हक्क म्हणून कधी मानलाच नाही.

इथे दोघांचे एकमत होते, आणि ते बरोबर आहे. भारतीय कायदा डॉक्टरला शिक्षेपासून वाचवणारा अपवाद म्हणून जन्मला. स्त्रीच्या निर्णयस्वातंत्र्याची भाषा नंतर न्यायालयांनी आणली. २००९ साली चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूल होऊ देण्या-न देण्याचा निर्णय हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. सप्टेंबर २०२२ मध्ये अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांची मुदत लागू केली.

१९७१ हेच वर्ष तत्त्वज्ञानातही वळणाचे आहे. त्या वर्षी थॉमसन यांचा गर्भपाताच्या समर्थनाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातल्या कल्पित प्रसंगात एका माणसाला जाग येते तेव्हा त्याच्या मूत्रपिंडांना एक बेशुद्ध, नामवंत व्हायोलिनवादक जोडलेला असतो. नऊ महिने जोडून ठेवले तर वादक जगेल, काढले तर मरेल. वादक व्यक्ती आहे, यात शंका नाही. तरी काढून टाकणे अन्यायाचे नाही, असे थॉमसन म्हणतात. जगण्याच्या हक्कात दुसऱ्याचे शरीर वापरण्याचा हक्क येत नाही. हा युक्तिवाद स्वसंरक्षणाचा समजला जातो, पण तो तसा नाही. यात कोणी आततायी लागत नाही, हल्ला लागत नाही. स्वतःचे शरीर उसने देण्याची सक्ती नसते, एवढेच त्यात आहे.

उत्तरपक्षी : आणि ते आपण सगळीकडे मान्य करतो. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्याखाली बापाला पोटच्या मुलासाठीही मूत्रपिंड द्यायला भाग पाडता येत नाही. मृतदेहातले अवयवसुद्धा संमतीशिवाय घेता येत नाहीत. गर्भार बाईला प्रेताइतकाही अधिकार नसावा?

पूर्वपक्षी : मूत्रपिंड न देणे आणि मारणे यांत फरक आहे. शिवाय त्या माणसाला कोणीतरी पळवून आणून वादकाशी जोडले होते. तुमचे उदाहरण बलात्काराला लागू पडते. एरवी गर्भ ज्या कृतीतून येतो ती दोघांनी केलेली असते. ज्याने दुसऱ्याला आपल्यावर अवलंबून केले, त्याच्यावर काही जबाबदारी येत नाही का? पोटगीचा कायदा बापाला हेच सांगतो.

उत्तरपक्षी : बापाला पैसे मागतो, रक्त नाही. आणि आपल्याकडे ‘दोघांनी केलेली कृती’ या शब्दांआड किती घरांत किती संमती असते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

लिंगनिवडीचा प्रश्न दोघांनाही अडचणीत टाकतो. मुंबईतल्या स्त्री-चळवळीच्या कार्यकर्त्यांनी १९८०च्या दशकात गर्भलिंगचाचणीविरुद्ध मोहीम उभारली आणि १९८८ साली महाराष्ट्राने या चाचण्यांवर नियंत्रण आणणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. पूर्वपक्ष विचारतो, की शरीर बाईचे असेल तर कारण कोणाला विचारायचे? त्या कार्यकर्त्यांनी गर्भपाताचा हक्क कायम ठेवून विरोध चाचणीला केला. त्यांच्या मते अन्याय गर्भावर नव्हे, जन्मलेल्या सगळ्या स्त्रियांवर होतो. ही भूमिका सुसंगत आहे. पण सोनोग्राफीचे यंत्र असलेल्या गावोगावच्या दवाखान्यांत ती पाळून घेणे कठीण गेले.

थॉमसन यांच्या निबंधाच्या शेवटी एक गोष्ट येते, जिच्याकडे त्यांच्या समर्थकांचे पुष्कळदा दुर्लक्ष होते. वादकाला काढून टाकण्याचा हक्क आहे. काढल्यावरही तो चमत्काराने जगला, तर त्याला मारण्याचा हक्क नाही. स्वसंरक्षणालाही हीच सीमा आहे : धोका टळला की हात थांबला पाहिजे. गर्भ बाहेर जगू शकत नाही तोवर ही सीमा पुस्तकी वाटते. साधारण २४ आठवड्यांच्या पुढे ती प्रत्यक्षात येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन मुलांच्या एका आईचे प्रकरण आले. ती प्रसूतीनंतरच्या मानसिक आजाराने त्रस्त होती; गर्भ २६ आठवड्यांच्या आसपास होता. आधी परवानगी मिळाली. मग दिल्लीच्या एम्समधून विचारणा झाली, की गर्भ जिवंत बाहेर येण्याची शक्यता आहे. त्याचे ठोके आधी थांबवायचे का? त्यानंतर न्यायमूर्ती हिमा कोहली आणि बी. व्ही. नागरत्ना यांची मते वेगळी पडली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १६ ऑक्टोबरला परवानगी नाकारली. आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, गर्भात गंभीर व्यंग नाही आणि कायद्याची मुदत उलटली आहे, ही कारणे दिली. बाळंतपणाचा वैद्यकीय खर्च सरकारने करावा आणि मूल दत्तक देण्याची मोकळीक आईबापांना राहील, असेही सांगितले.

पूर्वपक्षी : म्हणजे गर्भ बाहेर जगू शकतो तिथे तुमचा ‘काढून टाकण्याचा’ हक्क आणि मुलाचा जगण्याचा हक्क एकत्र नांदू शकतात. मग मारण्याचे समर्थन संपले.

उत्तरपक्षी : त्या टप्प्यावर संपले, हे मी मान्य करतो. पण त्या आईला मूल लगेच काढून मिळाले नाही. आणखी काही आठवडे तिने ते पोटात वागवावे, असे ठरले. मारण्याचा हक्क नाही, एवढ्यावरून शरीर वापरू देण्याचे कर्तव्य सिद्ध होत नाही. अकाली जन्माने मुलाला अपंगत्व येईल, म्हणून थांबा, असे कोर्टाला म्हणता येईल. ते कारण मुलाच्या हिताचे आहे, आणि कदाचित पुरेसेही असेल. पण ते वेगळे सिद्ध करावे लागेल.